रावसाहेबांच्या शुभहस्ते

एका गावात एक भोळा गडी होता. नाव शिरपा. त्याच गावात रावसाहेब टेंभेकरांचं दानधर्माचं प्रतिष्ठान होतं. "ज्या राज्यानं मोठं केलं, त्याचं आपण देणं लागतो," असं रावसाहेब दर भाषणात म्हणायचे. देणं पोचवायला शिरपा होता.

एकदा कोंढेवाडीला घोंगड्या धाडल्या. शिरपा वाटून मोकळा झाला. लोकांनी देवाचे आभार मानले.

"देवाचे?" रावसाहेब कडाडले. "दिलं कुणी, गाढवा? जे देऊ त्यावर आपलं नाव पाहिजे. ठळक!"

"जी," शिरपा म्हणाला.

पुढं वाडीच्या मसणवट्याला लोखंडी तिरडी दिली. शिरपानं तांबड्या रंगात ठळक लिहिलं, 'रावसाहेब टेंभेकर'. वाटेत ज्यानं वाचलं, तो रडतच रावसाहेबांच्या दारात. सासुरवाडीचे तर जीप करून आले. रावसाहेब पोहे खात बसले होते!

"परत माझ्या नावानं कुणी रडलं तर याद राख," ते म्हणाले. "काहीही देताना आधी माझा फोटो. हसताना!"

"जी."

उन्हाळ्यात वाडीतली कडब्याची गंज पेटली. शिरपा प्रतिष्ठानचा टँकर घेऊन धावला. लोक ओरडले, "सोड पाणी!" शिरपा म्हणाला, "आधी फोटो." रावसाहेब नवा सदरा घालून येईपर्यंत राख झाली. फोटो मात्र झकास आला. राखेपुढं रावसाहेब हसतायत, असा पेपरात छापून आला.

जिल्हाभर छी थू झाली. ती धुवायला रावसाहेबांनी वाडीला रुग्णवाहिका द्यायचं ठरवलं. शिरपाला बजावलं, "माझ्या हस्ते फीत कापल्याशिवाय गाडी हलता कामा नये. ब्रह्मदेव आला तरी!"

"जी."

गाडी वाडीत आली. शिरपानं फीत बांधली. दवाखाना घाटापलीकडं. कोंडाबाईचा म्हातारा तापानं फणफणलेला. ती रडत रावसाहेबांकडं गेली.

"सोमवारचा मुहूर्त आहे, बाई," रावसाहेब म्हणाले. "तोवर कळ काढ."

म्हाताऱ्याला पोरांनी झोळीत घालून घाट चढवला. वाडीत झोळी एकच, ती गेली.

सोमवारी वाडीत मांडव घातला. रावसाहेबांची मोटार पाहुण्यांना आणायला गेलेली. शिरपा फोटो काढत होता.

"जरा मागं, साहेब. अजून जरा."

धाडकन रावसाहेब स्टेजखाली! दोन्ही हात मोडले.

"मेलो गं आई! गाडी काढ!"

"फीत, साहेब."

"काप, मेल्या!"

"मी कसा? आपल्या हस्ते पाहिजे."

"माझे हात मोडलेत रे!"

शिरपानं डोकं खाजवलं. "मग असं करू. दवाखान्यात जाऊन हात बरे करून या. मग फीत कापू. मग गाडी आपलीच."

"किल्ली कुठाय?"

"आपल्या तिजोरीत. कुणी हात लावू नये म्हणून."

कोंडाबाई पुढं झाली. "झोळी माझ्या म्हाताऱ्यापाशी आहे, रावसाहेब. आता राहिली तुमचीच तिरडी."

करतात काय! चौघांनी रावसाहेबांना तिरडीवर घेतलं. लाजेनं त्यांनी तोंडावर शाल ओढायला लावली. शिरपा पुढं चालला.

घाटात समोरून सासुरवाडीची जीप आली. कार्यक्रमालाच निघालेली. मेव्हण्यानं तिरडीवरचं नाव वाचलं आणि गळा काढला, "दाजी गेले हो!"

शिरपा धावला. "रडायचं नाही! नाव नुसतं देणाऱ्याचं असतं. बिनघोर जा."

"मागच्या खेपेला असंच फसलो," मेव्हणा डोळे पुसत म्हणाला. "चला, फीत चुकेल." आणि जीप भुर्रकन निघून गेली.

शालीखालून हाक आली, "अरे, थांबवा ती जीप!" पण जीप वळणाआड गेली होती.

शिरपानं शाल वर केली. चेहरा आनंदानं फुललेला.

"बघा साहेब, या खेपेला तुमच्या नावानं एकालाही रडू दिलं नाही. आता जरा हसा, फोटो राहिलाय."