द्वारकाबायची जागा

आगबोटीचा धूर आपल्या समुद्रावर पहिल्यांदा दिसला, त्याच्याही कितीतरी आधी माडवेळ बंदरात द्वारका नावाची एक बाई राहत होती. ती शिडं शिवायची. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने दाभण आणि मेणाचा दोरा लेकीच्या हातात दिला. लग्न होऊन ती गलबत चालवणाऱ्या धाकू तांडेलाच्या घरी आली तेव्हा दाभणही बरोबर आलं.

पण शीड काही मांडीवर घेऊन शिवता येत नाही. ते अंगणाएवढं मोठं असतं. वाळूत पसरावं तर टाक्यांत वाळू शिरते आणि दोरा कापते. घरात पसरावं तर जेवायची वेळ झाली की उचला, पाहुणे आले की उचला, अंथरुणं घालायची की उचला. दिवसातून सात वेळा द्वारका ते शीड गोळा करायची, आणि दर वेळी जुळवलेला कापडाचा पट्टा तसूभर सरकायचा.

असंच सरकलेलं एक शीड भर समुद्रात शिवणीवर उसवलं. धाकूचं गलबत वल्ही मारत तीन दिवसांनी परत आलं. खलाशांचे तळहात सोलून निघाले होते. द्वारकेला कुणी एक शब्दही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या दिवशी ती घरात सगळ्यांसमोर म्हणाली, "मला एक जागा द्या. पसरलेलं शीड जिथे पसरलेलंच राहील, अशी."

सासू म्हणाली, "घर माणसांसाठी असतं गो. सुईला कशाला खोली?"

 पण दुसऱ्या दिवशी धाकू गुणाजी सुताराला घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आये, त्या शिडाची घडी मीच घातली होती. मला जेवायला बसायचं होतं."

मग घराच्या मागच्या भिंतीला लागून पडवी उभी राहिली. अठरा हात लांब, सहा हात रुंद, समुद्राकडे दोन खिडक्या आणि शेणाने सारवलेली गुळगुळीत जमीन. पहिल्या दिवशी द्वारकेने शीड पसरलं, चार टाके घातले आणि ती विहिरीवर गेली. परत आली आणि एकटीच मोठ्याने हसायला लागली. सासू धावत आली. "काय झालं गो?"

"काही नाही, आत्याबाय. दाभण जिथे टोचून गेले होते, तिथेच आहे."

त्या दिवसापासून तिने पडवीत कुणाला येऊ दिलं नाही. सासूला तिथे मिरच्याही वाळत घालता आल्या नाहीत. आतून द्वारकेचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि बाहेर पोरं दाराच्या फटीला डोळा लावून बसायची.

पुढे एक नवल झालं. त्या पडवीतून बावीस हातांचं शीड बाहेर आलं. अठरा हातांच्या जागेत बावीस हातांचं शीड सपाट पसरलं तरी कसं? गुणाजी बुचकळ्यात पडला. द्वारका विहिरीवर गेली की तो मापाचा गज घेऊन चोरून यायचा. बाहेरून पडवी भरायची अठरा हात. आतून एकदा एकोणीस भरली, एकदा एकवीस. शेवटी त्याने गज मोडून चुलीत घातला, असं म्हणतात.

पाच वर्षं गेली. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रावर गेल्या आणि अवचित वादळ आलं. सकाळी वारा पडला तेव्हा धाकूचं गलबत खडकांपलीकडे नांगरावर उभं होतं. डोलकाठी शाबूत होती, पण शिडाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि वल्ही वाहून गेली होती. आत चोवीस माणसं होती. ओहोटी होती म्हणून गलबतावरची एक होडी कशीबशी खडकांमधून किनाऱ्याला लागली. होडीवाला धापा टाकत म्हणाला, "नांगराच्या दोराचे दोनच पीळ उरलेत. पुढच्या ओहोटीला, सूर्य बुडताना, मी एकदाच जाऊ शकेन. चोवीस माणसं माझ्या होडीत मावायची नाहीत. शीड मावेल."

कापड होतं, पण काम आठ दिवसांचं होतं. द्वारका पडवीत गेली आणि तिने पहिला पट्टा पसरला. मान वर केली तर उंबऱ्यापाशी सासू उभी होती. पाच वर्षांत तिने तो उंबरा ओलांडला नव्हता.

"मी येऊ आत?" म्हातारीने विचारलं. 

 द्वारकेने दाभण पुढे केलं. "बसा आत्याबाय. हा पट्टा तुमचा."

सासूमागोमाग शेजारीण आली, मग खलाशांच्या बायका आल्या, मग म्हाताऱ्या, मग लेकी. गुणाजी दारात उभा राहून मोजत होता. शीड पसरल्यावर सहाजणींनी दाटीवाटीने बसावं अशा जागेत चाळीस बायका गेल्या, आणि एकीचं कोपर दुसरीला लागलं नाही, असं म्हणतात. द्वारका एकीकडून दुसरीकडे फिरत होती. "टाका घट्ट ओढ गो," एवढंच म्हणत होती.

सूर्य पाण्याला टेकायच्या आत शीड होडीत पडलं. दिवेलागणीला गलबत बंदरात शिरलं. चोवीसच्या चोवीस माणसं उतरली. धाकू थेट पडवीकडे गेला आणि बाहेरच थांबला, पाय ओले होते म्हणून.

दुसऱ्या सकाळी द्वारकेने पडवीचं दार पुन्हा लावून घेतलं. कुणाला राग आला नाही. आभार मानायला आलेल्या बायकांना सासूच अंगणात अडवून सांगत होती, "नंतर या. आत काम चाललंय."

आता शिडं गेली, ती पडवीही गेली. पण माडवेळात आजही नवं घर बांधताना चुलीच्याही आधी एक जागा आखतात. तिला द्वारकाबायची जागा म्हणतात. कुणाकडे ती खोली असते, कुणाकडे खिडकीखालचा कोपरा. तिथे शिवणयंत्र असतं, अर्धी गोधडी असते, पोरांचे गणवेश असतात. लग्नघरात पाय ठेवायला जागा नसली, तरी तिथलं कापड कुणी उचलत नाही. नवी सून आली की सासू तिला आधी तिथे नेते आणि विचारते, "पुरेल ना गो?"

आजवर ती कुणालाही कमी पडलेली नाही, असं म्हणतात.