मुंगीला चित्रात घ्या!

रेणूची आई चित्र काढत होती.
टेबलावर चादर. चादरीवर तांब्या. तांब्याला टेकून पेरू. सगळं कसं अगदी सरळ!

पेरूवर बसली होती एक इवली मुंगी. पाय आखडले, तरी हलली नाही. तिला चित्रात यायचं होतं ना!

आईने केलं फूः! मुंगी पडली टप्प!

"आई आई, माझी जागा गेली! मला चित्रात घे ना!"

आई वैतागली. "आधीच चित्र कसं मरगळलंय! त्यात तुझा ठिपका कशाला? तो पेरू हलला ना, तर घेईन तुला!"

मुंगी गेली तुरुतुरु.
"पेरू पेरू, हल ना! पेरू हलेना, आई मला चित्रात घेईना!"
"मी नाही हलत. आधी तांब्याला कलंडू दे."

काय बाई कटकट! मुंगी गेली तुरुतुरु.
"तांब्या तांब्या, कलंड ना! तांब्या कलंडेना, पेरू हलेना, आई मला चित्रात घेईना!"
"मी नाही कलंडत. आधी चादरीला सरकू दे."

काय बाई कटकट! मुंगी गेली तुरुतुरु.
"चादरबाई, सरक ना! चादर सरकेना, तांब्या कलंडेना, पेरू हलेना, आई मला चित्रात घेईना!"
"मी नाही सरकत. इस्त्री मोडेल! आधी मांजराला उठू दे."

चादरीच्या लोंबत्या टोकात नख्या रुतवून मांजर झोपलं होतं. घुर्र घुर्र!
"मांजरा मांजरा, ऊठ ना! मांजर उठेना, चादर सरकेना, तांब्या कलंडेना, पेरू हलेना, आई मला चित्रात घेईना!"
"मी नाही उठत. शेपूट ओढल्याशिवाय तर नाहीच नाही!"

काय बाई कटकट! मुंगी गेली तुरुतुरु.
रेणू बसली होती गाल फुगवून. पेरू तिचा! आणि सकाळपासून आईचं एकच, "हात लावू नको! हात लावू नको!"
"रेणू रेणू, शेपूट ओढ ना! रेणू ओढेना, मांजर उठेना, चादर सरकेना, तांब्या कलंडेना, पेरू हलेना, आई मला चित्रात घेईना!"

रेणू म्हणाली, "आई म्हणालीये, पेरूला हात लावू नको. शेपटीला कुठे म्हणालीये?"

मग काय!
रेणूने शेपूट ओढलं, म्यांव!
मांजर उठलं, फिस्स!
चादर सरकली, सर्रर्र!
तांब्या कलंडला, ठण्ण!
पेरू गडगडला, गडगड गडगड, थेट रेणूच्या मांडीत!
रेणूने घेतला चावा, कच्च!

"अरे देवा!" आई ओरडली. "या घरात कोणी नीट बसेल तर शपथ!"

मग आई बघतच राहिली. चादर चुरगळलेली. तांब्या आडवा. पेरूवर रेणूच्या इवल्या इवल्या दातांच्या खुणा.

"अस्सं! आता कसं आपलं घर दिसतंय! रेणू, पेरू ठेव तिथे. फक्त जरासा वेळ हं!"

कुंचला चालला सपसप सपसप. मुंगी चढली पेरूवर.
"ये बये, तूही ये," आई म्हणाली. "पेरू हलला खरा!"

एक ठिपका. दोन ठिपके. तीन ठिपके. सहा पाय. मुंगी आली चित्रात!

रेणूने पेरू संपवला, कच्च कच्च.
मुंगीने चित्राच्या कडेवर चढून ते नीट निरखलं. "मी एवढी जाडी आहे?" ती फणकारली.
आणि स्वतःला बघत तिथेच बसली.