भरदुपारचा दिवा

फार पूर्वी शूर्पारक बंदरी जयसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका पेढीवाल्याचा धाकटा भाऊ होऊन जन्मला. नाव भद्रसेन. थोरला नंदिय पेढी सांभाळी. विणकर, कुंभार, खलाशांच्या आया, साऱ्यांच्या ठेवी त्याच्यापाशी.

एकदा पेढीचे मालाने भरलेले गलबत बुडाले. बातमी आधी नंदियला कळली. बिचारा हादरला. आणि माणूस हादरला की त्याला आपलीच माणसे आठवतात, दुसरे काय! त्याने तोंडातून ब्र काढला नाही. सासऱ्याची, मेहुण्याची, भद्रसेनाची ठेव गुपचूप परत केली. तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा कुठे त्याने पेढीच्या दारात भरदुपारी दिवा लावला.

त्या नगराची रीतच होती तशी. पेढी बुडाली की दिवसा दिवा लावायचा, खाली पांढरे वस्त्र अंथरायचे. कुणी आधी काही नेले असेल तर ते तिथे आणून ठेवायचे, मग सर्वांना सारखी वाटणी. दिवा जळतो तोवर आणणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही. विझला की राजाचे शिपाई.

वाटणीचे काम लोकांनी भद्रसेनावर सोपवले. समुद्रावरून संथ वारा येत होता. पिवळ्या उन्हात ज्योत दिसत होती न दिसत होती, माणसे झोपेत चालल्यासारखी येत होती. चंपिका म्हातारीचा लेक त्याच गलबतासोबत बुडाला होता आणि तिची ठेवही याच पेढीत होती. ती वस्त्रापाशी बसली होती. वस्त्र रिकामेच.

"आमचेच होते ते! चोरी का केली आम्ही?" नंदियचा सासरा गरजला.

"तुमचेच होते, तात," भद्रसेन म्हणाला. "पण गलबत बुडाल्यावर ठेव तुमच्या घरी परत आली, आणि या चंपिकेच्या घरी बातमीसुद्धा मागाहून पोचली. मधल्या वेळात तुम्ही हिच्या वाटचे उचललेत."

सासऱ्याने मान फिरवली. भद्रसेन दिव्यात पुन्हा तेल घालू लागला, तसे लोक कुरकुरले, "अहो, किती घालाल?"

"लाज वाटायला वेळ लागतो हो. मलाही लागतोय."

कारण परत आलेल्या ठेवीतून त्याने लेकीची, कुमुदिनीची, कंकणे घडवली होती. गलबत बुडाल्याचे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते. आता ठाऊक होते. उद्या तिचे लग्न, आणि सोन्याशिवाय वरपक्ष उंबरा ओलांडणार नव्हता.

कुमुदिनीच तेलाचे भांडे घेऊन आली. बापाचा चेहरा पाहून तिने विचारले, "बाबा, ही कंकणे कधीच्या पैशांची?"

"गलबत बुडाल्यानंतरच्या, बाळ."

तिने ती उतरवून वस्त्रावर ठेवली.

"लग्न मोडेल गं."

"मोडू दे. म्हातारीच्या तोंडचा घास हातात घालून मी बोहल्यावर कशी उभी राहू?"

मग सासऱ्याने आपली थैली मागवली. मेहुणाही उठला. नंदियला रडू कोसळले. "मी माझ्या माणसांना वाचवत होतो रे!"

"दादा, बुडाला तोही कुणाचा तरी होता."

संध्याकाळी सासऱ्याला आणि चंपिकेला एकाच मापाने वाटणी मिळाली. दुसऱ्या दिवशी वरपक्ष खरोखरच वेशीवरून परतला. कुमुदिनी रडली, पोटभर रडली. पण कंकणांचे नाव काढले नाही.

त्या जन्मीचा नंदिय तो आताचा शिष्य आनंद. कुमुदिनी ती भिक्षुणी उत्पलवर्णा. आणि लेकीच्या हाताकडे व म्हातारीच्या हाताकडे एकाच नजरेने पाहताना ज्याचे काळीज फाटले, तरी नजर ढळली नाही, तो भद्रसेन म्हणजे स्वतः शास्ता, या दोघांचा गुरू. हिलाच समदृष्टीची पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेली समदृष्टी, म्हणतात.