पेनसिल्व्हेनियाची रजई

कुमुदबाई पाठाऱ्यांची ओहायोत वाढलेली सून पहिल्यांदाच साताऱ्याला येणार होती. तिला परकं वाटू नये म्हणून बाईंनी तिची खोली जुन्या अमेरिकन थाटात सजवायचं ठरवलं आणि पुण्याहून सजावटवाले चौबळ यांना बोलावलं. चौबळांनी ठिगळाठिगळांची एक रजई पलंगावर अंथरली.

"पेनसिल्व्हेनियाची! शंभर वर्षांची! फक्त ऐंशी हजार."

बाईंनी ऐंशी हजारांतली शून्यं बोटांवर मोजली.

व्हरांड्यात गोधडी शिवत बसलेली शेवंता आत आली. रजईचे टाके निरखून ती म्हणाली, "बाई, अशी मी हजारात शिवून देते."

"गोधडीवालीला काय कळतंय यातलं?" चौबळ कडाडले.

"चुकलं, सायेब. पन आतलं कापडबी तिकडचंच का?"

"आतबाहेर सगळं! एक धागा इथला निघाला, तर रजई फुकट देऊन जाईन."

शेवंतानं कात्रीनं कोपऱ्यातले चार टाके उसवले आणि आतला थर बाहेर ओढला. मळक्या मांजरपाटावर लाल अक्षरं होती : 'वॉर्ड नंबर चार. निशाणी छत्री.' निवडणूक संपली की प्रचाराची फडकी गोळा करून शेवंता ती बाजारात विकायच्या गोधड्यांच्या पोटात घालायची. स्वतःचे टाके तिनं बघताक्षणीच ओळखले होते.

 

शेवंतानं अगदी अदबीनं विचारलं, "सायेब, शंभर वर्सांमागं तुमच्या पेनसिल्व्हेनियात आमचे छत्रीवाले निवडून आले, का पडले?"