गारेगार सेन्सर

फार पूर्वी आइस्क्रीम सांभाळलेला एक आडवा फ्रीझर उतारवयात दिनकररावांच्या घरगुती बिअरचं पिंप गार ठेवू लागला. पिंपाला चिकटवलेला सेन्सर तापमान सांगे, तसा फ्रीझर चाले.

दसऱ्याच्या पूजेआधी पुसापुशी करताना दिनकररावांनी सेन्सर काढला आणि नंतर फ्रीझरच्या आतल्या भिंतीलाच चिकटवला.

"मला उकडतंय हो!" पिंप ओरडलं.

"सगळं गारेगार आहे, साहेब," सेन्सर म्हणाला. फ्रीझर निवांत झोपला.

आठवड्याने बिअर नासली. दिनकररावांनी ती मोरीत ओतली, नवी भरली आणि सेन्सर पुन्हा पिंपाला लावला.

"साहेब, इथे फार उकडतंय!" तो लगेच म्हणाला.

"मग तेव्हा का नाही बोललास?" फ्रीझरने विचारलं.

"तेव्हा मी तुम्हाला चिकटून होतो, साहेब. तिथे गारच होतं."