पायदांड्याचे सात जोड

एका गावच्या तालमीत व्यायामाची पाच-सहा यंत्रं होती. सगळी जुनी, शहरातल्या कुठल्याशा जिमनं टाकून दिलेली. ती दुरुस्त करायला हणमंत वस्तादांनी शेजारच्या गावाहून मार्तंड मिस्त्रीला बोलावलं आणि स्वतः चार दिवस जत्रेच्या कुस्त्यांना गेले.

मार्तंडच्या हातात सफाई होती आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं. त्यानं गंजलेल्या कप्प्या सोडवल्या, झिजलेल्या तारा बदलल्या, फाटक्या गाद्यांना नवं रेक्झीन चढवलं. छातीच्या यंत्रापाशी मात्र तो नाक मुरडून उभा राहिला. ढकलायच्या मुठींखाली कुणीतरी एक पायदांडा बसवला होता. पायानं दाबला की मुठी पुढे सरकत. दांडा वाकडा, आणि त्यावर वेल्डिंगचे सात ओबडधोबड जोड. कुणा शिकाऊनं हात साफ करून घेतलेला दिसतोय, असं म्हणत त्यानं ग्राइंडर लावला, दांडा कापून भंगारात फेकला आणि उरलेली खूण घासून वर रंग मारला. यंत्र अगदी नव्यासारखं दिसू लागलं.

वस्ताद परतले त्याच सकाळी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली तालीम उघडली आणि पुंडलिक शिंपी आला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा उजवा हात लुळा पडला होता. तो रोजच्यासारखा यंत्रावर बसला, पायानं खाली चाचपलं आणि तसाच बसून राहिला. जुनं लोखंड, गळून पडलं असेल, असं वस्ताद म्हणाले. मार्तंडनं नुसती मान डोलावली असती तरी कुणाला काही कळलं नसतं. पण शिंप्याची बोटं मुठीवर थरथरत होती आणि मूठ तसूभरही हलत नव्हती. मार्तंड पुढे झाला.

"गळून नाही पडला, वस्ताद. मी कापला."

वस्ताद रागावले नाहीत. ते त्याला भंगारापाशी घेऊन गेले आणि दांडा शोधायला लावला. मग त्यांनी सांगितलं, की हा दांडा गंगाराम लोहारानं या शिंप्यासाठी केला होता. गंगाराम गेल्या वर्षी वारला. पायानं मुठी पुढे ढकलायच्या आणि दुबळ्या हातानं त्या हळूहळू मागे आणायच्या, एवढंच काम. त्यावर लुळ्या हातात जीव आला. आता शिंपी कात्री धरू शकत होता, पण कापड बेतायचं बळ अजून आलं नव्हतं. सराव तुटला असता तर हात पुन्हा आखडला असता आणि धंदा कायमचा बसला असता.

"आणि हे जोड?" मार्तंडनं विचारलं.

"हात सुधारला की गंगाराम दांड्यातून दोन बोटं तुकडा काढायचा आणि पुन्हा जोडायचा. दांडा आखूड झाला की पायाची मदत कमी, हाताला काम जास्त. हात सात वेळा सुधारला, मिस्त्री."

मार्तंड त्या जोडांवरून अंगठा फिरवत राहिला. आजवर त्यानं लोखंड मापून लोखंड कापलं होतं. इथं एका लोहारानं माणसाच्या हातातलं बळ मापून लोखंड कापलं होतं, तेही कुठली विद्या न शिकता! त्याचे डोळे भरून आले. त्यानं दांडा कपाळाला लावला.

त्याच दिवशी शिंप्याला समोर बसवून, पुन्हा पुन्हा विचारून, त्यानं दांडा जागच्या जागी बसवला. जोड मात्र घासले नाहीत. पुढे दर महिन्याला तो न बोलावता यायचा, शिंप्याचा हात बघायचा आणि गरज असली तर दांडा दोन बोटं आखूड करायचा.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस शिंपी म्हणाला, "मिस्त्री, आता हा दांडा कापूनच टाका."

मार्तंडनं ग्राइंडर उचलला, पण चालू केला नाही.

"नक्की ना, पुंडलिकदादा?"

दोन्ही पाय वर घेऊन शिंपी गादीवर मांडी घालून बसला, आणि दोन्ही हातांनी त्यानं मुठी शेवटपर्यंत ढकलल्या. मग मार्तंडनं ग्राइंडर चालू केला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामात जे वेडंवाकडं दिसतं, ते कुणाच्या तरी गरजेपायी तसं झालेलं असू शकतं. म्हणून कापण्याआधी विचारावं; आणि न विचारता कापलंच, तर ते आपणच कापलं हे सांगावं, कारण खरी दुरुस्ती तिथूनच सुरू होते.