हातावरचं दही

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्याच्या पणजीनेही ती कुणाकडून तरी ऐकलेली. एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक नगर वसले होते. तिथल्या राजाच्या नाकावर सदा राग. कुणी शिंकले, कुणी चुकले, कुणी खरे बोलले, की त्याचा एकच शब्द : "चालता हो!" मग त्या माणसाला वेस ओलांडावीच लागे.

वेशीपाशी एक म्हातारी दही विकायला बसे. गावाला निघणाऱ्याच्या हातावर दही घातले, की तो सुखरूप परततो, ही जुनी रीत. म्हातारी हाकललेल्यांच्याही हातावर दही घाली आणि म्हणे, "ये हो बाळा, लवकर ये."

एक दिवस पाथरवट मान खाली घालून वेशीत आला. "आजी, बांध खचतोय, एवढंच म्हणालो गं मी!"

त्याच्या हातावर दही पडते न पडते तोच राजाची स्वारी आली.

"मी जा म्हणतो आणि तू ये म्हणतेस?" राजा कडाडला. "तूही चालती हो!"

म्हातारीचे डोळे भरून आले. तिच्या हातावर दही कोण घालणार? तिने स्वतःच थोडे तळव्यावर घेतले आणि म्हणाली, "येते हो, महाराज."

डोंगरापलीकडे सारे हाकललेले झोपड्या बांधून राहत होते. म्हातारीही तिथेच राहिली. पावसाळा आला, धो धो कोसळू लागला.

"आता बांध फुटणार," पाथरवट म्हणाला.

"फुटू दे की! आपल्याला कुणी ठेवलंय तिथं?" लोहार फणकारला.

"मी ये म्हटलं होतं ना रे तुला?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उठली. "मग चल!"

इकडे बांधाला भगदाड पडले होते. राजा पाण्यावर ओरडत होता, "चालतं हो!" पाणी कुठले ऐकायला! एवढ्यात डोंगरावरून घण, पहारी, टोपल्या घेऊन माणसे धावत उतरली. पाथरवटाने दगड बसवले, लोहाराने पहारी ठोकल्या, बाकीच्यांनी माती ओतली. दिवस मावळायच्या आत भगदाड बुजले. नगर वाचले!

"मी हाकललं, तरी आलात?" राजाने पुढे होऊन विचारले.

पाथरवट हसला. "महाराज, तुमचा शब्द कानावर होता. आजीचं दही हातावर होतं."

राजाने भर लोकांत म्हातारीपुढे हात पसरला. "माझ्याही हातावर घाल, आजी. फार लांब गेलो होतो मी."

मग ढोल वाजले, गुलाल उधळला, आणि हाकललेल्यांची मिरवणूक वेशीतून आत आली. राजा तिच्यामागून पायी चालत होता. तेव्हापासून त्या नगरात कुणाला घालवायची वेळ आलीच, तर त्याच्या हातावर राजा स्वतः दही घालतो आणि म्हणतो, "ये हो."

तात्पर्य : माणसाला घालवावे लागले, तरी त्याची परतीची वाट कधी बुजवू नये.